वेदांचे अपौरुषेयत्व आणि आपला अधिकार

(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आमच्यावर सोपविला गेला. आपल्या संस्थेतर्फे दरवर्षी होणाऱ्या सामुदायिक मौंजीबंधनात यंदा काही पालकांनी आपल्या मुलींची नावे घातली आणि त्यावरून कार्यकारी मंडळाच्या बैठकीत बराच खल झाला, हे आपण जाणताच. त्या वेळी एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले की, वेद जर ईश्वराचे आहेत तर त्यांच्या आज्ञेत बदल करणारे आपण कोण? दुसऱ्या एका तरुण सभासदाने तितक्याच आवेशाने विचारले की, वेद ईश्वराचे आहेत हे ठरविले कोणी? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोघांनाही त्यांचे उत्तर सभेत मिळाले नाही, म्हणून आम्हांस येथे उभे केले आहे. आम्ही शास्त्री नव्हे. पण गेली अनेक वर्षे या विषयाचे जे थोडेबहुत वाचन घडले, त्याच्या आधारे चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेद ईश्वराने सांगितले, असे आपण सहज बोलतो. परंतु ज्या पूर्वमीमांसकांनी वेदांच्या प्रामाण्याचा किल्ला सर्वांत जास्त नेटाने लढविला, ते जैमिनी, शबर आणि कुमारिल हे असे म्हणत नाहीत. त्यांच्या मते वेद कोणीच सांगितलेले नाहीत. मनुष्याने तर नाहीतच, ईश्वरानेही नाहीत. अपौरुषेय या शब्दाचा अर्थच मुळी पुरुषाने, म्हणजे कोणत्याही कर्त्याने, न केलेले असा आहे. मीमांसेला जगाचा उत्पन्नकर्ता ईश्वर मानण्याची गरजही वाटली नाही. ईश्वराला बाजूला ठेवून वेदांना सर्वोच्च स्थानी बसविणारे हे शास्त्र जगात बहुधा एकमेवच असेल.

हे त्यांनी का केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्यासमोर बौद्ध होते, जैन होते, आणि वेदकर्त्यांना धूर्त म्हणणारे चार्वाकही होते. बौद्ध म्हणत, बुद्ध सर्वज्ञ, म्हणून त्याचे वचन प्रमाण. मीमांसकाने त्यावर उलट सवाल केला की, तो सर्वज्ञ होता हे तुम्हांस कसे कळले? दुसऱ्याची सर्वज्ञता ओळखावयास स्वतःच सर्वज्ञ असावे लागेल. मग हाच सवाल त्याने स्वतःच्या बाजूलाही लावला, आणि येथे त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते. शब्दांत दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे. बोलणारा अज्ञानी असतो, लोभी असतो, फसविणारा असतो. जेथे बोलणाराच नाही, तेथे दोष यावयाचा कोठून? शिवाय ज्ञान हे स्वतःच प्रमाण असते. बाधक असे दुसरे ज्ञान उभे राहीपर्यंत ते खोटे मानण्याचे कारण नाही. वेदाचा कर्ता कोणाच्याही स्मरणात नाही. शब्द नित्य, त्याचा अर्थाशी असलेला संबंधही नित्य. अध्ययन नेहमी गुरूकडून झाले, त्या गुरूचे त्याच्या गुरूकडून. अशी मागे जाणारी ही साखळी कोठेच तुटलेली दिसत नाही.

यावर शंका काय येतील, तेही त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले. वेदात बबर प्रावाहणि अशी व्यक्तींची नावे येतात; मग त्या व्यक्तींच्या जन्माआधी तो भाग कसा असेल? काठक, कालापक अशी शाखांना माणसांची नावे का? जैमिनी सांगतात की, ही नावे त्या शाखेचे उत्तम प्रवचन करणाऱ्यांवरून पडली, रचणाऱ्यांवरून नव्हे. आणि बबर म्हणजे वाऱ्याच्या घोंघावण्याचे अनुकरण आहे. हे दुसरे उत्तर आम्हांस ओढूनताणून आणलेले वाटते. ऋग्वेदातील ऋषी स्वतःच अनेक ठिकाणी म्हणतात की, सुतार रथ घडवितो त्याप्रमाणे आम्ही हे स्तोत्र घडविले. रथ घडविणाऱ्याचे उदाहरण देणारा कवी स्वतःस कर्ता समजत नव्हता, असे म्हणणे कठीण आहे. परंपरेने याला ऋषी हा मंत्रांचा कर्ता नसून द्रष्टा आहे असे उत्तर दिले. ज्याला काव्य स्फुरते त्याला ते आपण केले की आपल्यास दिसले हे निश्चित सांगता येत नाही, एवढी गोष्ट आम्हांस त्या उत्तरात खरी वाटते.

नैयायिकांना मीमांसकांचे हे मत पटले नाही. त्यांच्या मते वाक्य आहे तर वक्ता हवाच. तो ईश्वर, आणि तो विश्वसनीय, आप्त, म्हणून वेद प्रमाण. न्यायसूत्रांत त्यासाठी आयुर्वेदाचा दाखला दिला आहे. औषधाचा गुण येतो, म्हणून ते सांगणाऱ्यावर विश्वास बसतो, तसेच वेदाचे. पुढे दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी वेदांचाच एक आधार घेतला. वेदान्त्यांनी मधला मार्ग काढला. बृहदारण्यकात वेदांना त्या महान् भूताचा निःश्वास म्हटले आहे. श्वास आपण सोडतो, पण तो आपण रचीत नाही. शंकराचार्यांच्या मते ईश्वर प्रत्येक कल्पाच्या आरंभी तोच वेद जसाच्या तसा प्रकट करतो. त्यात एक अक्षर बदलण्याचे स्वातंत्र्य तो घेत नाही. म्हणजे दैवी उगम मानणाऱ्यांनीही ईश्वराला वेदाचा मालक केले नाही, वाहक केले.

सभेतील आमच्या तरुण मित्रास आम्ही एवढेच सांगू की, वेद दैवी आहेत हे कोणा एकाने एके दिवशी ठरविलेले नाही. त्यावर हजार-दीड हजार वर्षे वाद झाला, आणि वाद करणाऱ्यांनी प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या ग्रंथांत लिहून ठेवले. मंत्रांना काही अर्थच नाही असे म्हणणाऱ्या कौत्साचे मत यास्कांनी निरुक्तात नोंदविले नसते, तर आज ते आपणांस कळलेही नसते.

अपौरुषेयत्वाचा एक परिणाम मात्र कोणी नाकारू शकत नाही. ज्याचा कर्ता नाही, त्यात दुरुस्ती कोण करणार? म्हणून पाठ राखण्याची जी व्यवस्था झाली, तिला तोड नाही. संहितापाठ, त्याचे पद तोडून शाकल्यांनी केलेला पदपाठ, मग क्रमपाठ, आणि जटा, घन अशा विकृती; त्यांत शब्द पुढे-मागे, उलट-सुलट असे म्हटले जातात की, एक स्वर चुकला तरी दुसऱ्या पाठाशी मेळ बसत नाही. दहा मंडले, एक हजार अठ्ठावीस सूक्ते आणि दहा हजारांवर ऋचा अशा रीतीने कंठात वाहिल्या गेल्या. २००३ साली युनेस्कोने वैदिक पठणपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून मान्यता दिली, आणि २००७ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची नोंद जागतिक स्मृतिपटात झाली. हे ज्यांनी केले त्या वैदिक घराण्यांचे ऋण आपण मानलेच पाहिजे. पुढे जे बोलावयाचे आहे ते त्यांच्या निंदेसाठी नाही.

आता आमच्या वयोवृद्ध सभासदांच्या प्रश्नाकडे वळतो. श्रुती अपौरुषेय खरी. परंतु आपण ज्याला रोजच्या बोलण्यात शास्त्र म्हणतो, त्यातील फार मोठा भाग श्रुती नव्हे. मनुस्मृती पौरुषेय आहे, याज्ञवल्क्यस्मृती पौरुषेय आहे, निर्णयसिंधू आणि धर्मसिंधू तर अलीकडच्या विद्वानांचे ग्रंथ. मीमांसकांनी त्यांना प्रामाण्य दिले ते उसने; त्यांच्या मुळाशी आज लुप्त झालेली एखादी श्रुती असावी या अनुमानावर. आणि स्मृती प्रत्यक्ष श्रुतीच्या विरुद्ध गेली तर ती टाकावी, असा स्वच्छ नियम केला.

या ठिकाणी शबरस्वामींनी दिलेला दाखला आपण नीट ऐकावा. सोमयागात औदुंबराचा एक खांब उभारतात. श्रुती सांगते की, उद्गात्याने त्याला स्पर्श करून गायन करावे. एक स्मृती सांगते की, तो खांब संपूर्ण वस्त्राने वेष्टावा. खांब पूर्ण झाकला तर स्पर्श कसा करणार? म्हणून ती स्मृती अप्रमाण. शबर एवढ्यावर थांबत नाहीत. ते विचारतात की, मग असा आचार मुळात आला कोठून? आणि उत्तर देतात की, वस्त्राच्या लोभाने. ते वस्त्र पुढे कोणाकडे जाणार होते, हे पुरोहितमंडळींना चांगले ठाऊक होते! जैमिनींनी त्याला जोडूनच सांगितले आहे की, ज्या वचनामागे असा लौकिक हेतू उघड दिसतो, त्याच्या मुळाशी श्रुतीचे अनुमान करू नये. सनातनी म्हणून ज्यांची गणना होते, त्या मीमांसकांचा हा नियम आहे. एखाद्या सुधारकाचा नव्हे. आमच्या वाचनात आलेल्या सर्व शास्त्रचर्चेत एवढे निर्भीड वाक्य आम्हांस दुसरे आढळले नाही.

अधिकाराच्या प्रकरणातही असेच आहे. जैमिनींच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कोणाला याची चर्चा आहे. बादरी नावाचे आचार्य म्हणत की, तो चारही वर्णांना आहे. जैमिनींनी ते मत खोडले, तथापि नोंदविले. पुढे रथकाराचा प्रश्न निघाला. रथकाराने पावसाळ्यात अग्न्याधान करावे असे श्रुतिवचन आहे. रथकार म्हणजे रथ करणारा कोणीही त्रैवर्णिक, असा अर्थ करून सुटका करून घेता आली असती. मीमांसकांनी ती घेतली नाही. रूढ अर्थाने रथकार ही त्रैवर्णिकांबाहेरची जात आहे. वचन तिच्याविषयीच आहे. तेव्हा तिला अधिकार आहे. निषादस्थपतीच्या इष्टीविषयीही तेच. निषादांवर राज्य करणारा कोणी क्षत्रिय असा अर्थ न घेता, जो स्वतः निषाद आहे असा स्थपती, हा सरळ अर्थ त्यांनी घेतला. आपल्या सामाजिक समजुतीला न रुचणारे असूनही शब्दाला ते प्रामाणिक राहिले.

आपल्या ज्ञातीला हे सर्व परके नाही. आपण चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. वेदोक्ताचा अधिकार आपणांस आहे की नाही, यावरून पेशवाईत आणि त्यानंतरही ग्रामण्ये झाली, आपल्या घरचे संस्कार अडविले गेले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तो इतिहास ग्रंथरूपाने मांडला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो ग्रंथ असेल. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्यांनी केला, त्या गागाभट्टांनी कायस्थांच्या संस्कारांवरही ग्रंथ लिहिला, याचा आपण अभिमान बाळगतो. ते स्वतः पट्टीचे मीमांसक होते आणि कुमारिलांच्या श्लोकवार्तिकाला पूरक असा शिवार्कोदय हा ग्रंथ त्यांनी रचला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वेद कोणाच्याही मालकीचा नाही असे मानणाऱ्या शास्त्रात मुरलेल्या पंडिताने क्षत्रियाला आणि कायस्थाला वेदोक्त दिले, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ साली, कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या पंचगंगास्नानाच्या वेळी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणतो हे उघड झाले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. त्या वेळीही आधार शास्त्राचाच सांगितला गेला.

या विषयावर महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूनेही विचार झाला आहे. वेद संपन्न खरा, पण तीन वर्णांच्याच कानी लागणारा, म्हणून कृपण. ती उणीव भरून काढण्यासाठी तो गीतेच्या रूपाने पुन्हा प्रकट झाला, ही कल्पना ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात मांडली. वेदांविषयी इतका आदर आणि इतकी स्पष्ट तक्रार एकाच ठिकाणी क्वचितच भेटते. तुकोबांनी वेदार्थ आपल्यालाच उमगला असे सांगितले, आणि प्राकृतातून वेदार्थ बोलल्याबद्दल त्यांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या असे परंपरा सांगते. १८७५ साली मुंबईत आर्यसमाज स्थापन करणाऱ्या दयानंदांनी वेद सर्वोच्च मानले आणि ते सर्वांस खुले केले. त्याआधी १८६७ मध्ये निघालेल्या प्रार्थनासमाजाने कोणताही ग्रंथ निर्दोष ईश्वरोक्त मानण्याचे नाकारले. जोतीरावांनी वेदप्रामाण्य साफ झुगारले. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, आणि जातिभेद जावयाचा तर शास्त्रप्रामाण्यच नष्ट झाले पाहिजे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली निक्षून लिहिले. त्यांचे निदान आम्हांस पूर्णपणे मान्य नाही. पण ज्यांच्या वाट्याला शास्त्राचा केवळ निषेधच आला, त्यांनी ते शास्त्र डोक्यावर घ्यावे, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही.

१९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हिंदू कोणाला म्हणावे हा प्रश्न आला, तेव्हा साताऱ्यात जन्मलेले सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी लोकमान्यांच्या व्याख्येचा आधार घेतला. तीत वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी हे पहिले लक्षण आहे. तो निकाल ज्या खटल्यात झाला, तो मंदिरप्रवेशाचा होता. दार उघडे ठेवण्याच्या बाजूने तो लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

असो. मुलींच्या मौंजीकडे येतो. स्त्रियांचे संस्कार अमंत्रक करावेत, विवाह हेच त्यांचे उपनयन, असे मनुस्मृतीत आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. नृसिंहपूर्वतापनीय उपनिषदातही स्त्रियांना प्रणव व सावित्री देऊ नये अशा आशयाचे वचन आहे. ते उपनिषद उत्तरकालीन समजले जाते, तरी आमच्या विरोधकांनी ते दाखविण्यापूर्वी आम्हीच दाखवितो. उलटपक्षी, हारीताने स्त्रियांचे ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू असे दोन प्रकार सांगून ब्रह्मवादिनींना उपनयन व वेदाध्ययन विहित केले आहे. पूर्वी कुमारींचे मौंजीबंधन होत असे, असे यमाच्या नावाने सांगितले जाते. नंतरच्या निबंधकारांनी ही वचने खोटी ठरविली नाहीत. ती दुसऱ्या कल्पातील म्हणून वेगळी ठेवली. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सर्व ऊहापोह सापडेल.

आणि खुद्द श्रुती काय म्हणते? ऋग्वेदाची अनुक्रमणी पाहावी. घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा, वाक् आंभृणी ही तेथे ऋषींच्या यादीत आहेत. ऋषी हे मंत्रांचे द्रष्टे, हा जर आपला सिद्धांत, तर ज्यांनी मंत्र पाहिले त्यांच्या लेकींनी ते ऐकू नयेत, हे कोणत्या न्यायाने? बृहदारण्यकात तर आपल्याला पंडिता कन्या व्हावी अशी इच्छा धरणाऱ्या आईबापांसाठी विधी सांगितला आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य म्हणतात की, हे पांडित्य घरकामापुरते समजावे, कारण स्त्रीला वेदाचा अधिकार नाही. आचार्यांविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. तरीही विचारावेसे वाटते की, त्याच प्रकरणात विद्वान पुत्रासाठी विधी आहे, तेथे पांडित्याचा अर्थ शेतकामापुरता का केला नाही? मूळ वचन अपौरुषेय. त्याचा हा अर्थ मात्र पौरुषेय आहे. शबरांनीही यज्ञात पत्नीला मोजकेच म्हणावयास दिले, आणि कारण दिले की यजमान विद्वान असतो, ती अविद्य असते. ती अविद्य का राहिली, हे त्यांनी विचारले नाही.

येथे घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आमच्या वडिलांची मुंज झाली तेव्हा ओसरीवर गुरुजी त्यांना संध्या व पुरुषसूक्त शिकवीत. आमची आत्या त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. ती माजघरात दाराआड तांदूळ निवडीत बसे. एके दिवशी वडील एका ऋचेत स्वर चुकले, पुन्हा चुकले, तेव्हा आतून तिने तो बरोबर म्हणून दाखविला. गुरुजी गप्प झाले. आजोबांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवसापासून तांदूळ निवडण्याची जागा मागील पडवीत नेली. आत्या सत्याऐंशी वर्षांची होऊन गेली. पुरुषसूक्त तिला अखेरपर्यंत तोंडपाठ होते, पण तिने ते कोणाच्या समोर म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही. आजोबा दुष्ट नव्हते. ज्ञातीच्या वेदोक्तासाठी त्यांनी पदरमोड केली होती. शास्त्राने आपल्या दारावर घातलेला अडसर ज्यांना दिसला, त्यांना तोच अडसर आपल्या माजघराच्या दाराला दिसला नाही.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकविले, आणि आज त्या लग्नमुंजी लावितात. आपल्यापैकी काही घरांत त्यांना बोलावलेही गेले आहे. तेव्हा मुलीने मंत्र म्हटले तर काही अघटित घडेल, ही भीती बाळगण्याचे आता कारण नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपल्या घरी जुनी पद्धत चालू ठेवावी. आचारात मतभेद राहणारच, आणि ते ठेवूनही एकत्र राहिल्यामुळेच ही संस्था आजवर टिकली. मात्र नको म्हणावयाचे असेल तर ते आमच्या मनाला पटत नाही असे म्हणावे. वेद नको म्हणतात असे म्हणू नये.

यंदाच्या मौंजीबंधनासाठी तीन मुलींचे अर्ज आले आहेत. पैकी एकीने अर्जासोबत स्वतःच्या हस्ताक्षरात पुरुषसूक्त लिहून पाठविले आहे. निर्णय कार्यकारी मंडळाने करावयाचा आहे. आमचे मत विचारले गेले, ते आम्ही आपणांसमोर ठेवले.